नगर नियोजनाची पदवी की शहरी फेलोशिप? गोव्यातल्या पदवीधरांसाठी

शहर, जमीन आणि घर या प्रश्नांवर काम करायचंय आणि शिकून गोव्यातच परत यायचंय, असं म्हणणारी मुलं आता फोंडा, डिचोली, पेडण्यातूनही भेटतात. त्यांच्यासमोर मुख्यतः दोन वाटा असतात. एक म्हणजे दोन वर्षांचं एम. प्लॅन., म्हणजे नियोजनातली पदव्युत्तर पदवी. दिल्ली, भोपाळ आणि विजयवाड्याची स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ ही त्यातली ओळखीची नावं. दुसरी वाट बेंगळुरूची. तिथल्या इंडियन इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन सेटलमेंट्सने 2016 मध्ये अर्बन फेलोज प्रोग्राम सुरू केला, तो पूर्णवेळ आणि वर्षभराच्या आत संपणारा.

प्रवेशाच्या अटींमुळेच अनेकांचा अर्धा निर्णय होऊन जातो. सरकारी संस्थांत एम. प्लॅन.साठी बहुधा बी.आर्क., बी. प्लॅन. किंवा सिव्हिलची पदवी लागते. भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र घेतलेल्यांना आधी एम.ए. करावं लागतं. शिवाय गेट या राष्ट्रीय परीक्षेचा स्कोअर बहुधा मागतात. फेलोशिपला शाखेची अट नाही, तिथे वास्तुविशारदाच्या शेजारी कायदा किंवा साहित्य शिकलेला बसतो. पैशाचं गणित मात्र नीट पाहा. गेटवर प्रवेश मिळाला तर केंद्राचं मासिक 12,400 रुपयांचं विद्यावेतन मिळू शकतं. फेलोशिपला शुल्क असतं आणि गरजेनुसार सवलत मिळते. अटी बदलत राहतात, म्हणून अर्जापूर्वी ताज्या वाचून घ्या.

सरकारी नोकरी हवी असेल तर फार विचार करायला नको. नगर नियोजन खात्यात नियोजकाच्या पदाला नियोजनाची पदवी लागते, फेलोशिपचं प्रमाणपत्र तिथे पुरत नाही. कोकणी येणं आवश्यक आणि मराठी येत असल्यास प्राधान्य, ही अट आपल्या मुलांना जड नाही. ती पदं आपल्या मुलांनी मिळवावीत असं मला मनापासून वाटतं, कारण झोन बदलाच्या, म्हणजे जमिनीचा ठरलेला वापर बदलण्याच्या, फाइली त्याच टेबलांवरून पुढे जातात.

नकाशांचं काम दोन्हीकडे शिकवतात, पण हात बसतो तो एम. प्लॅन.च्या स्टुडिओत. तिथे महिनोन् महिने एकाच शहराचं सर्वेक्षण आणि आराखडा करावा लागतो. गोव्यात याचा उपयोग कुठे होतो ते पाहा. गावातल्या जमिनीला सर्व्हे नंबर आणि एक-चौदाचा उतारा (सातबारासारखा) असतो, म्हापसा-मडगावसारख्या शहरात चलता नंबर (शहरी भूखंडाचा क्रमांक) आणि पी.टी. शीट (शहर भूमापनाचा नकाशा). त्या हद्दीवर राज्याच्या जमीनवापराच्या प्रादेशिक आराखडा 2021 चा नकाशा बसवायचा आणि त्यावर डोंगरउताराचा थर टाकायचा. उतार 25 टक्क्यांहून जास्त निघाला तर ती जागा आराखड्यात पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरते आणि तिथे बांधकाम बसत नाही. मग राजपत्रातली झोन बदलाची अधिसूचना याच्याशी ताडून पाहायची. एवढं सगळं क्यूजीआयएस या नकाशांच्या फुकट सॉफ्टवेअरवर होतं. गोव्याच्या नगर नियोजन कायद्याच्या कलम 39अ खाली झोन बदलावरच्या हरकतींसाठी 30 दिवस मिळतात. तेवढ्यात हा नकाशा तयार करून ग्रामसभेत समजावून सांगू शकणारी माणसं आज गावागावांत हवी आहेत. आराखड्यातल्या चुका सुधारण्याच्या नावाखाली झोन बदलू देणारे, त्याच कायद्याच्या कलम 17(2) खालचे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2025 मध्ये रद्द केले. अशा लढाईत भाषणाइतकाच नेमका नकाशाही लागतो.

घरांच्या धोरणाबाबत माझं माप फेलोशिपकडे झुकतं. दिल्लीत एम. प्लॅन.मध्ये गृहनिर्माण हा स्वतंत्र विशेष विषय घेता येतो आणि तांत्रिक बाजू तिथे पक्की होते. पण गोव्यातलं घर कायद्यात, नात्यांत आणि जुन्या व्यवहारांत गुंतलेलं आहे. मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं) घर पिढ्यान् पिढ्यांचं, जमीन भाटकाराची (जमीनदाराची). 1975 च्या मुंडकार कायद्याने मुंडकाराला घराखालची जागा विकत घेण्याचा हक्क दिला, गावात 300 आणि पालिका क्षेत्रात 200 चौरस मीटरपर्यंत. तरी कितीतरी प्रकरणं मामलेदाराच्या कचेरीत पडून आहेत. कोमुनिदादच्या (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेच्या) जमिनीवरची घरं हा आणखी वेगळा गुंता. झुआरीनगर किंवा मोती डोंगरावरच्या कामगारांच्या खोल्या एकीकडे, आणि 2011 च्या जनगणनेत सुमारे पाचवा हिस्सा घरं रिकामी, हे दुसरीकडे. त्याच जनगणनेत राज्याची 62 टक्के लोकसंख्या शहरी ठरली, पण 56 जनगणना नगरांचा (जनगणनेने शहरी मानलेल्या, पण पालिका नसलेल्या वस्त्यांचा) कारभार पंचायतींकडेच होता. अशा ठिकाणी कायदा, अर्थकारण आणि लोकांशी बोलणं एकत्र शिकलेला माणूस जास्त उपयोगी पडतो. फेलोशिपची रचना नेमकी तशी आहे, आणि निरनिराळ्या शाखांच्या सोबत्यांशी वाद घालून जे शिकायला मिळतं तेही मोलाचं असतं.

घरी बसून ऑनलाइन कोर्स करण्याची तिसरी वाटही आहे. सॉफ्टवेअरपुरती ती पुरते, त्यापुढे नाही.

फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून सिव्हिल किंवा आल्तिनोच्या वास्तुकला महाविद्यालयातून बी.आर्क. केलं असेल आणि अजून पंचविशीच्या आत असाल, तर आधी एम. प्लॅन. करा, धोरणाचा अभ्यास नोकरीत राहूनही वाढवता येतो. बी.ए., बी.कॉम. किंवा एलएल.बी. असाल, किंवा संस्थेत, पत्रकारितेत दोन-तीन वर्षं काढली असतील, तर फेलोशिप करा, एम.ए.चा वळसा नको. आर्थिक जबाबदारी अंगावर असलेल्यांनी विद्यावेतन आणि शुल्क सवलत दोन्हीकडे अर्ज करावा आणि हातात पत्र आल्यावरच नोकरी सोडावी. गेटचे अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात निघतात आणि परीक्षा फेब्रुवारीत असते, त्यामुळे पदवी निवडणाऱ्यांनी चतुर्थीच्या सुट्टीआधीच कागदपत्रं गोळा केलेली बरी.