स्वस्तातली एमएच पासिंग आणि कागदावर नसलेला डीलर

करारपत्रावर 'लिहून देणार' म्हणून ज्याचं नाव असतं, त्या माणसाला गिऱ्हाइकाने बहुतेक वेळा पाहिलेलंही नसतं. पाहिलेला असतो तो कोल्हापूर-सांगलीकडचा जुन्या गाड्यांचा डीलर. गाडी त्याच्या शेडमध्ये उभी होती, चक्कर त्याच्या पोराने मारून दाखवली, भाव त्यानेच ठरवला आणि पैसेही त्याच्याच हातात गेले. कागद मात्र मूळ मालक आणि गिऱ्हाईक यांच्यातला. पंधरा दिवसांनी निपाणीत किंवा खानापुरात गाडी बंद पडली की डीलर फोनवर शांतपणे सांगतो, "मी फक्त गाठ घालून दिली. मालकाशी बोला."

ही नुसती पळवाट नाही, हाच फसवणुकीचा पाया आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दाद मागायची ती व्यापाऱ्याविरुद्ध, उत्पादकाविरुद्ध किंवा सेवा देणाऱ्याविरुद्ध. घरची गाडी एकदाच विकणारा माणूस सहसा त्यात बसत नाही. त्याच्याविरुद्ध दिवाणी दावा लावावा लागतो, किंवा ठरवून फसवल्याचं दाखवता आलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलिसांत जावं लागतं. म्हणजे डीलरने स्वतःचं नाव कागदावरून काढून घेतलं, तेव्हाच तुमचा सोपा रस्ता बंद केला. इंजिनातला बिघाड त्यानंतरचा.

आता त्या गाडीकडे. बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात स्वस्त एमएच-०९ किंवा एमएच-१०, म्हणजे कोल्हापूर-सांगलीची, पासिंग दिसली की पहिला प्रश्न विचारावा: २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये ही गाडी कुठे उभी होती? दोन्ही वेळा पंचगंगा आणि कृष्णेचं पाणी घरांत शिरलं, मग दारातल्या गाड्यांना कोण विचारतो. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या ठरलेल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, पाऊणपटीपेक्षा जास्त झाला की विमा कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते आणि सांगाडा लिलावात जातो. खरं तर अशा गाडीची नोंदणी रद्द व्हायला हवी. ती झाली नाही तर आरसी जिवंत राहतं, गाडी धुऊन-पुसून रंगवली जाते आणि घाटाखाली नाहीतर कर्नाटकात विकली जाते.

हे विम्याच्या कागदांवरून पकडता येतं. मागच्या तीन-चार वर्षांच्या पॉलिसी मागा. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, दरवर्षी २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढत जातो. मालक तोच असताना तो मध्येच शून्यावर आला, तर त्याआधीच्या वर्षात क्लेम झालेला असण्याची शक्यता मोठी. पुराच्या वर्षी पॉलिसीच तुटली आणि काही महिन्यांनी दुसऱ्या कंपनीची, तीही फक्त थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरती, सुरू झाली असेल, तर मग गाडीला हात लावायची गरजच नाही. "पॉलिसी हरवल्या" हेसुद्धा एक उत्तरच समजा.

तरी हात लावायचाच असेल तर हा घ्या क्रम. पुढचा सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढा. धुणारा माणूस वरचा अर्धा पट्टा धुतो. रीळातला शेवटचा हातभर तसाच राहतो आणि त्यावर पाण्याची आडवी रेघ दिसते. सीट पुढे-मागे सरकवून खालच्या पट्ट्यांचे बोल्ट बघा. आठ वर्षांची कोरडी गाडी असेल तर तिथे धूळ असते, लालभडक गंज नसतो. स्टेपनी काढा आणि तिच्या खळग्याच्या कडेवर बोट फिरवा. वाळलेला बारीक गाळ तिथून कधीच पूर्ण निघत नाही. गाडी जुनी आणि कार्पेट कोरं, वर अत्तराचा घमघमाट, हे लक्षण डॅशबोर्डवरच्या गणपतीने झाकलं जात नाही.

किल्ली फिरवल्यावर एअरबॅग आणि एबीएसचे दिवे पेटून काही सेकंदांनी विझले पाहिजेत. दिवा पेटलाच नाही तर तो काढून टाकलेला असतो, किंवा दुसऱ्या दिव्याच्या वायरला जोडून दिलेला असतो. वायरिंगचे कनेक्टर उघडून दाखवायला सांगा. तांब्यावर हिरवट थर असेल तर आज चालणारी पॉवर विंडो पावसाळ्यात बंद पडणार. इंजिनाचं दुखणं आणखी आतलं असतं. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला कुणी स्टार्टर मारला असेल, तर सिलिंडरात शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही आणि वर येणारा पिस्टन कनेक्टिंग रॉड वाकवतो. असं इंजिन चालतं, पण एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी दाखवतं. ओळखीच्या मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. डीलरने ती करू दिली नाही तर पाणी कुठे मुरतंय ते कळलंच.

मीटर मागे फिरवणं हा आता इतका सोपा खेळ झालाय की आकड्याकडे बघूच नये. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चॅसिस नंबर देऊन जुन्या सर्व्हिसची किलोमीटरसकट नोंद मिळते का बघा. ब्रेकच्या पायपट्टीचं रबर गुळगुळीत आणि मीटरवर पस्तीस हजार, हे जुळत नाही.

'स्वस्त' हा शब्द पासिंगपाशी संपतो. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी जुन्या आरटीओची फॉर्म २८ मधली एनओसी लागते, कर्ज असेल तर बोजा उतरवल्याचा फॉर्म ३५ लागतो, आणि इथे कर्नाटकाचा लाइफ टाइम टॅक्स नव्याने भरावा लागतो. हा टॅक्स गाडीच्या किमतीवर आणि वयावर ठरतो. तो धरून भाव काढला की केए-२२ किंवा केए-२३ ची, म्हणजे बेळगाव-चिकोडीची, गाडी कित्येकदा त्याच पैशांत बसते. एनओसी "नंतर देतो" म्हणणाऱ्याला टोकनसुद्धा देऊ नये. थकलेली चलनं आणि न फिटलेलं कर्ज एनओसीच्या वेळीच बाहेर येतं, आणि तोपर्यंत पैसे गेलेले असतात.

विम्याचं एक कलम बहुतेकांना महागात पडतं. खरेदीनंतर १४ दिवसांत विमा नावावर करायला अर्ज द्यायचा असतो. थर्ड पार्टीचं संरक्षण कायद्यानेच पुढे जातं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम जुन्या मालकाच्या पॉलिसीवर मिळत नाही. विकणाऱ्यानेही गाफील राहू नये. आरसीवर ज्याचं नाव, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

पुन्हा डीलरच्या नावाकडे येऊ, कारण सगळं तिथेच अडतं. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. मालकाने अशा डीलरच्या ताब्यात गाडी दिली की फॉर्म २९सी भरून कळवायचं असतं, आणि तिथून पुढे कायदा डीलरलाच मालक मानतो. म्हणून शेडमध्ये पाय ठेवल्यावर किमतीआधी दोन कागद मागा, अधिकारपत्र आणि या गाडीचा २९सी. दोन्ही असतील तर 'मी मध्यस्थ' म्हणायला त्याला जागा उरत नाही. नसतील आणि तरी गाडी घ्यायचीच असेल, तर पैसे रोख देऊ नका. डीलरच्या फर्मच्या खात्यावर टाका, शिक्क्याची पावती घ्या, गाडीची जाहिरात आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपून ठेवा. ग्राहक आयोगासमोर हाच पुरावा डीलरला विक्रेता ठरवू शकतो. 'जशी आहे तशी, पुढची जबाबदारी घेणाऱ्याची' ही ओळ करारपत्रात असेल तर ती खोडा. 'अपघात नाही, पुरात बुडालेली नाही, किलोमीटर खरे' असं लिहून सही घ्या. खोटं निघालं तर तेच अनुचित व्यापारी प्रथेचं लेखी प्रमाण. इकडच्या बाजूला व्यवहार असेल आणि कागद कन्नडमध्ये असेल, तर सही करण्याआधी वाचता येणाऱ्याला सोबत न्या. शेजारी सांगतो म्हणून अंगठा टेकवल्यासारखी सही करू नये.

नव्या गाडीत फसवणूक वेगळ्या टेबलावर होते. तक्रार घेऊन गेल्यावर वर्कशॉपवाला जॉब कार्डवर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, 'जनरल चेकअप' लिहितो. तुम्ही सांगितलेलं असतं 'तिसऱ्या गिअरला खडखड'. तेच शब्द, तारीख आणि किलोमीटर कार्डावर आल्याशिवाय किल्ली देऊ नका. गाडी परत घेताना पुढे सरकवलेल्या समाधानपत्रावर तक्रार कायम असेल तर तसं हाताने लिहा. कारण वॉरंटीत मुळात दोषी भाग दुरुस्त करणं किंवा बदलणं एवढंच येतं, असं सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये म्हटलं आहे. गाडी बदलून किंवा पूर्ण पैसे परत हवे असतील तर दोष निर्मितीतलाच आहे हे दाखवावं लागतं, आणि एकाच तक्रारीची चार जॉब कार्डं त्यासाठी मोठा आधार होतात. दोष नुसत्या बघण्याने ठरत नसेल तर तज्ज्ञाकडून तपासणीचा अर्ज आयोगाकडे करता येतो. त्याची फी आधी तक्रारदाराला भरावी लागू शकते. तक्रारीत डीलर आणि उत्पादक दोघांनाही पक्षकार करा. जुनं मॉडेल नवं म्हणून दिल्याच्या गोव्यातल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये उत्पादकाला सोडलं, कारण डीलरची लबाडी त्याला ठाऊक होती हे सिद्ध झालं नव्हतं.

तक्रारीसाठी कोल्हापूरला खेपा घालाव्या लागत नाहीत. जुन्या कायद्यात त्या लागत. २० जुलै २०२० पासून तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे निपाणीकराने सांगलीत घेतलेल्या गाडीची तक्रार बेळगावात चालते. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० रुपये. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. ऊस-भाजीचा टेम्पो पोटापाण्यासाठी घेऊन स्वतः चालवणाराही ग्राहकच. मराठी करारपत्राला इंग्रजी किंवा कन्नड भाषांतर जोडा. आधी पोचपावतीसह स्पीड पोस्टाने नोटीस पाठवलेली बरी, आणि ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर नोंदवलेल्या तक्रारीचा नंबरही जोडा.

तक्रार चालू असताना दोन गोष्टी करू नका. कर्जाचे हप्ते थांबवू नका. बँकेला गाडीच्या दोषाशी देणंघेणं नाही, हप्ता चुकला तर गाडी ओढून नेली जाईल आणि पुरावाही तिच्याबरोबर जाईल. आणि गाडी फिरवत राहू नका, नाहीतर "वीस हजार किलोमीटर चालवली, मग दोष कुठला?" हा प्रश्न ठरलेला. तक्रार केली त्या दिवशी मीटरचा फोटो काढा आणि गाडी झाकून ठेवा.

निकाल तुमच्या बाजूने लागला आणि डीलर अपिलात गेला, तर त्याला ठरलेल्या रकमेची निम्मी आधी भरावी लागते. अपिलाची मुदत ४५ दिवस. तो गप्प बसला आणि पैसेही देईना, तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७२ खाली अर्ज करा. तिथे एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५ हजार ते एक लाख दंड होऊ शकतो. एवढे दिवस 'मालकाशी बोला' म्हणणारा माणूस त्या अर्जाची नोटीस हातात पडल्यावर सहसा स्वतःच फोन करतो.