पडीक स्कूटर उठवायची, तर गिअरची की बिनगिअरची?

कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या दोन गाड्या. एक पत्र्याच्या बॉडीची, डाव्या मुठीत गिअर असलेली टू-स्ट्रोक. दुसरी फायबरच्या पॅनेलांची, बिनगिअरची, कार्बोरेटरवाली फोर-स्ट्रोक. काम एवढंच की आसपासच्या फेऱ्या व्हाव्यात, तेही रोज होतीलच असं नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, सगळा निकाल त्यावरच लागतो.

आधी दोन्हींना लागू असलेलं. इंजिन जाम आहे का, हे किक मारून बघू नका. प्लग काढा, भोकातून 5 ते 10 मिली इंजिन ऑइल सोडा, रात्रभर मुरू द्या आणि मग किक हाताने दाबून सावकाश फिरवा. रिंगा चिकटलेल्या असताना लाथ घातली तर रिंग तुटते किंवा सिलिंडरवर ओरखडे उठतात. टायरला गोटी (नक्षी) कितीही असो, तो कधी बनला हे सांगणारा बाजूवरचा चार आकडी कोड वाचा : पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. रबर तडकलेलं असेल तर चर्चा नको, टायर बदला.

आता टू-स्ट्रोकची दुखरी बाजू. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत क्रँकची, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या दोन्ही बाजूंची, रबरी ऑइल सील वाळून कडक होतात. क्लचकडचं सील गेलं की गिअर ऑइल इंजिनात ओढलं जातं, पांढरा धूर थांबत नाही आणि प्लग ओला होतो. मॅग्नेटकडचं (वीज तयार करणाऱ्या चाकाच्या बाजूचं) गेलं की बाहेरची हवा शिरते, मिश्रण पातळ होतं आणि मूठ सोडली तरी इंजिन रेस होत राहतं. सील स्वस्त असतं, पण क्लचकडचं बदलायला इंजिन उतरवून उघडावं लागतं. पॉइंटवाल्या गाडीत पॉइंटवर, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या धातूच्या टोकांवर, गंज धरतो, मात्र तो बारीक पॉलिश पेपरने घासून गॅप साधारण 0.4 मिमी लावला की ठिणगी परत येते. फोर-स्ट्रोकमध्ये सीडीआय (ठिणगी सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेलं तर बदलणं हाच उपाय.

फोर-स्ट्रोकचं इंजिन या मानाने सोशिक. तिथे बघायचा तो चाक फिरवणारा बेल्ट. साइड कव्हर उघडून तो उलटा वाकवा, दात्यांच्या मुळाशी चिरा दिसल्या की नवा टाका. व्हॅरिएटरचे (बेल्टच्या पुढच्या पुलीतले) रोलर एका बाजूने सपाट झाले असतील तर गाडी सुटताना हिसके देते. एकदा हे केलं की बरीच वर्षं बघावं लागत नाही.

मग अडतं कुठे? पेट्रोलच्या कॉकपाशी. बिनगिअरच्या बहुतेक गाड्यांत कॉक इंजिनच्या ओढीवर आपोआप उघडतो, बंद करायला हाताशी काही नसतं. त्यामुळे गाडी उभी राहिली की फ्लोट चेंबर, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोलची वाटी, भरलेलाच राहतो. हलका भाग उडून जातो, मागे तपकिरी चिकट थर उरतो आणि तो पहिल्यांदा बसतो स्लो जेटमध्ये, म्हणजे मूठ न पिळता इंजिन चालू ठेवणाऱ्या पेट्रोलच्या नळीत, ज्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक. लक्षण ठरलेलं : चोकवर चालते, चोक काढला की बंद. जेट कार्ब क्लीनरने आणि हवेने साफ करा. फारच अडलं तर वायरीतला तांब्याचा एक तंतू फिरवा, सुई नको, भोक मोठं होतं. साफसफाई पाऊण तासाची. पण कार्बोरेटरपर्यंत पोचायला सीट, डिकी, पॅनेलं काढावी लागतात, आणि जुन्या फायबरच्या क्लिपा पापडासारख्या तुटतात. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला पॅनेल खडखडायला लागतं. मला तरी हे दर थोड्या महिन्यांनी करणं जमण्यासारखं वाटत नाही. काही मॉडेलांत चेंबरमधलं पेट्रोल काढून टाकायचा ड्रेन स्क्रू बाहेरून लांब स्क्रूड्रायव्हरने सापडतो. तशी गाडी असेल तर ही तक्रार निम्मी होते.

गिअरवालीत कॉक सीटखाली बोटाने फिरतो. घराजवळ आल्यावर बंद करायचा आणि गाडी उभी करून स्लोवरच पेट्रोल संपू द्यायचं. मूठ पिळून संपवू नका, कारण ऑइलही त्याच पेट्रोलातून जातं. तरी कचरा अडकलाच, तर इंजिनवरचं पत्र्याचं झाकण आणि एअर फिल्टर काढला की जेट समोर.

घरात तीन-चार जण चालवणार असतील किंवा रस्ता सतत तुंबलेला असेल, तर अर्थात बिनगिअरचीच बरी. रोज फिरणाऱ्या गाडीत जेट सहसा तुंबत नाही. अधूनमधून निघणाऱ्या गाडीसाठी मात्र माझा कल पत्र्याकडे.

ती घेतलीत तर दोन गोष्टी सांभाळा. चाकाची रिम दोन तुकड्यांची असते. हबचे नट वेगळे, रिम जोडणारे वेगळे. हवा पूर्ण सोडल्याशिवाय रिमच्या नटांना पाना लावू नका, तुकडे उडतात. आणि जिथे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं असतं, तिथे ते साधारण 2 टक्के, म्हणजे लिटरला 20 मिली, आधी थोड्या पेट्रोलात ढवळून मग टाकीत ओता. थेट ओतलेलं ऑइल तळाशी कॉकच्या जाळीपाशी जाऊन बसतं आणि पहिल्याच किकला प्लग काळा होतो.