पाचशे पौंडांचा दिवस: ब्रिटनमधील अंब्रेला कंपनीच्या सेवेचे वर्षभरानंतरचे परीक्षण

लीड्समधील एका बँकेत सहा वर्षे कायम नोकरी केल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये मी सॉफ्टवेअर डेव्हलपर म्हणून कंत्राटी काम स्वीकारले आणि संपूर्ण आर्थिक वर्ष एका अंब्रेला कंपनीमार्फत पगार घेतला. कंपनीचे नाव येथे देत नाही. कायम नोकरी सोडण्याचा विचार करणाऱ्यांना या सेवेतून नेमके काय मिळते आणि काय जाते, हे आकड्यांसह कळावे एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

एप्रिल २०२१ पासून ब्रिटनमध्ये आयआर३५ या नियमाखाली कंत्राटदाराचा करविषयक दर्जा, म्हणजे करापुरता तो कर्मचारी आहे की स्वतंत्र व्यावसायिक हे, ठरवण्याची जबाबदारी मध्यम आणि मोठ्या खासगी कंपन्यांवर आली. ही जोखीम नको म्हणून अनेक बँकांनी आणि विमा कंपन्यांनी एकट्या कंत्राटदाराच्या लिमिटेड कंपनीशी थेट व्यवहार करणेच थांबवले. त्यामुळे आपण ज्यांचे काम करतो ती कंपनी भरती एजन्सीला पैसे देते, एजन्सी ते अंब्रेला कंपनीकडे पाठवते आणि अंब्रेला कंपनी आपल्याला कर कापून पगार देते. कागदोपत्री आपण त्या अंब्रेला कंपनीचे कर्मचारी असतो.

माझा दर दिवसाला ५०० पौंड होता, म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्याला २,५०० पौंड. हा आकडा म्हणजे आपला पगार, असे मी सुरुवातीला धरून चाललो होतो आणि तेथेच माझे गणित चुकले. अंब्रेला कंपनीचे शुल्क आठवड्याला २० पौंड होते, आणि ते वाजवी आहे. मात्र मालकाने भरायचा राष्ट्रीय विमाही (पगारावरची सामाजिक सुरक्षेची सक्तीची वर्गणी) याच रकमेतून जातो. २०२५-२६ मध्ये त्याचा दर १५ टक्के होता. शिवाय अर्धा टक्का अप्रेंटिसशिप लेव्ही, म्हणजे उमेदवारांच्या प्रशिक्षणासाठी मालकांवर असलेला कर, जाते. हे सारे वजा केल्यावर माझा आठवड्याचा खरा पगार सुमारे २,१६० पौंड भरला. त्यातही १२.०७ टक्के हिशोबाने सुट्टीचे पैसे धरलेले असतात, म्हणजे प्रत्यक्ष कामाचे साधारण १,९२७ पौंडच. या रकमेवर पुढे आपला आयकर आणि आपल्या वाट्याचा राष्ट्रीय विमा कापला जातो.

बँकेत मला वर्षाला ७२,००० पौंड पगार होता, बँक पेन्शनमध्ये त्याच्या १० टक्के, म्हणजे ७,२०० पौंड घालत असे, आणि २५ दिवसांची भरपगारी रजा व सार्वजनिक सुट्ट्या वेगळ्या होत्या. ७९,२०० पौंडांची ही बरोबरी साधायला कंत्राटात वर्षाला जवळजवळ ३७ आठवडे काम मिळावे लागते. सुट्ट्या आणि आजारपण वगळून आपण ४४ आठवडे काम करू असे मी मनाशी धरले होते. मधले जेमतेम सात आठवडे रिकामे गेले की कंत्राटाचा सगळा फायदा संपतो.

प्रत्यक्षात मी ४० आठवडे काम केले. गणपतीसाठी तीन आठवडे कोल्हापूरला गेलो. नाताळात कामाचे ठिकाण दोन आठवडे बंद राहिले आणि त्या काळात कंत्राटदारांना काहीच मिळाले नाही. जानेवारीत एका आठवड्याची सूचना देऊन माझे पहिले कंत्राट संपवले गेले आणि दुसरे मिळेपर्यंत पाच आठवडे गेले. उरलेले दोन आठवडे इतर सार्वजनिक सुट्ट्यांत आणि फ्लूमध्ये गेले. त्या वर्षी वैधानिक आजारपण भत्ता आठवड्याला ११८.७५ पौंड होता आणि तोही चौथ्या दिवसापासून लागू होत होता. वर्षअखेर ८६,४०० पौंड जमले. बँकेइतकीच रक्कम पेन्शनमध्ये ठेवल्यावर जे सात हजार पौंड जास्तीचे उरले, त्यांतून ४० टक्के आयकर आणि २ टक्के राष्ट्रीय विमा गेल्यावर हाती चार हजारांहून थोडेच अधिक आले. त्या पाच रिकाम्या आठवड्यांत घरात जी काळजी होती, तिच्या मानाने मला ही रक्कम लहान वाटते.

सेवेविषयी सांगायचे तर पगार एकाही शुक्रवारी चुकला नाही, आणि वेतनपावतीसोबत प्रत्येक वजावटीचा हिशोब स्वतंत्र पानावर मिळत असे. दूरध्वनीवर माणसे नीट बोलत. तक्रार एकच आहे, पण ती गंभीर आहे. सुट्टीचे पैसे दर आठवड्याला हवेत की साठवून हवेत, हे मला विचारलेच नाही; ते परस्पर साठवले गेले. गणपतीला निघताना मी रजा कळवली, परंतु पैशांसाठी वेगळा अर्ज लागतो हे कोणी सांगितले नाही. तीन ईमेल पाठवल्यानंतर, पाच आठवड्यांनी, माझेच सुमारे ४,६०० पौंड मला मिळाले. वर्षअखेरपर्यंत न मागितलेली रक्कम बुडेल असे कलम करारात बारीक अक्षरात होते. सही करण्यापूर्वी हे कलम शोधावे आणि पैसे दर आठवड्याला देण्याची मागणी लेखी करावी. तसेच जी कंपनी हातात ८० टक्क्यांहून अधिक रक्कम देण्याचे आश्वासन देते, तिच्याकडे मुळीच जाऊ नये. अशा योजनांत पगाराचा काही भाग कर्ज म्हणून दाखवला जातो आणि पुढे कर खाते वसुलीसाठी थेट कामगाराच्या दारात येते.

पुण्याहून स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेले सहकारी या मार्गाविषयी वारंवार विचारतात. त्यांचे प्रायोजकत्व विशिष्ट मालकाशी बांधलेले असल्याने हा मार्ग त्यांना खुला नाही. मीही कायम वास्तव्याची परवानगी मिळाल्यानंतरच नोकरी सोडली.

या सेवेला मी पाचपैकी तीन गुण देतो. सुट्टीच्या पैशांचा व्यवहार सरळ असता तर चार दिले असते. माझे दुसरे कंत्राट सप्टेंबरमध्ये संपते. त्यानंतर ५०० पौंडांच्या दराने तिसरे कंत्राट मी घेणार नाही. ५७५ पौंड आणि किमान नऊ महिन्यांची मुदत मिळाली तर विचार करीन, अन्यथा ७५,००० पौंडांची कायम नोकरी शोधायला मी आतापासूनच सुरुवात केली आहे.