बस, व्हॅन, स्कूटर की पायी? शाळा उघडण्याआधी ठरवताना

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात (विदर्भात जरा उशिरा) आणि घरोघरी तोच हिशेब सुरू होतो: बस लावायची, व्हॅनवाल्या काकांना सांगायचं, की आपणच स्कूटरवर सोडायचं? बहुतेक जण फी आणि वेळ बघून ठरवतात. माझं म्हणणं, आधी मूल उतरणार कुठे ते बघा. शाळा-कॉलेजांच्या दारापाशी ये-जा करण्याची धड सोय नसल्यामुळे २०२४ मध्ये देशात सुमारे दहा हजार जीव गेले, असं खुद्द नितीन गडकरींनी सांगितलं होतं.

कागदावर स्कूल बस सगळ्यांत उजवी. महाराष्ट्रात २०११ पासून तिचे वेगळे नियम आहेत: पिवळा रंग, वेगनियंत्रक, खिडक्यांना आडवे गज, चढउतार करायला मदतनीस. शिवाय शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती हवी आणि तिच्यात पालकांचा प्रतिनिधी. समितीची शेवटची बैठक कधी झाली, हे बेधडक विचारा. उत्तरावरून बरंच कळतं. बसची खरी गोम वेगळीच आहे. दार डावीकडे, म्हणजे सकाळी बस घराच्या बाजूला थांबत असेल, तर दुपारी त्याच रस्त्याने परतताना पलीकडे थांबणार. मूल उतरतं आणि बसच्या नाकासमोरून पळतं. उंच बसच्या ड्रायव्हरला अगदी पुढ्यातलं पहिलीतलं पोर दिसत नाही, आणि बसला ओव्हरटेक करणाऱ्याला तर नाहीच. म्हणून दुपारच्या स्टॉपवर घरचं कोणीतरी उभं असणं जमणार असेल, तरच बस लावा.

व्हॅन आणि रिक्षा घराच्या फाटकाशी येतात, हा त्यांचा मोठा गुण. काका ओळखीचे असतात, उशीर झाला तर फोन करतात. पण एकदा आत डोकावून बघा. सीएनजीच्या टाकीवर फळी टाकून केलेली जादा सीट, ड्रायव्हरशेजारी दोघं, तीन आसनी रिक्षात आठ-नऊ पोरं आणि बाहेर लोंबणारी दप्तरं, हे दिसलं तर ओळख बाजूला ठेवा. गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकला की फिटनेस आणि विमा आहे की संपला, ते लगेच कळतं. काकांना राग येईल, येऊ दे.

स्कूटर सोयीची, म्हणून सगळ्यांत लाडकी. माझ्या यादीत मात्र ती शेवटी. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे. त्याहून लहान असेल तर हेल्मेट आणि मुलाला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा, दोन्ही हवेत. प्रत्यक्षात बाबा हेल्मेटमध्ये, पुढे उभी मुलगी उघड्या डोक्याने, असंच चित्र दिसतं. शिवाय शाळा सुटताना गेटपाशी दुचाक्यांची दुहेरी रांग लावणारे आपणच, त्यामुळे चालत जाणाऱ्या मुलांना रस्त्याच्या मधोमध यावं लागतं. स्कूटरच न्यायची असेल तर गेटच्या अलीकडे, शाळेच्या बाजूला लावा आणि शेवटचा तुकडा चालत जा.

शाळा किलोमीटरभरात असेल आणि मोठं माणूस सोबत असेल, तर पायी जाणं मला या सगळ्यांपेक्षा बरं वाटतं. मात्र वाटेत सलग फूटपाथ नसेल तर नाही. पावसाळ्यात रेनकोटच्या टोपीकडे लक्ष द्या: मूल मान वळवतं, टोपी वळत नाही आणि बाजूची गाडी दिसतच नाही. ओलांडताना टोपी मागे करायची, डोकं भिजलं तरी चालेल.

आठवी-नववीतल्या पोरांच्या हाती मोपेड देण्याचा विचार असेल, तर मोटार वाहन कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती वाचा: अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, वर गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. त्यापेक्षा सायकल द्या, आणि मागचा लाल रिफ्लेक्टर फुटला असेल तर पावसाआधी बदलून घ्या.