सात महिन्यांनंतर: दारातले साडेसहा इंची स्पीकर आणि प्लस-मायनस

फेब्रुवारीत गाडीच्या चार दारांत चार कोॲक्सिअल (मधोमध छोटा स्पीकर असलेले) स्पीकर बसवले, साडेसहा इंची, 4 ओहमचे. आता सप्टेंबर लागलाय. मधे खान्देशातला अख्खा उन्हाळा गेला, पावसाळाही सरत आला. आवाज पहिल्या दिवशी होता तसाच आहे: भरीव, आणि कानबाईच्या गाण्यातल्या ढोलाची थाप छातीत जाणवते. या आवाजात स्पीकरच्या किमतीचा वाटा थोडा, वायरीच्या प्लस-मायनसचा जास्त.

वायर उलटी लागली तरी स्पीकर जळत नाही, वाजतो. म्हणूनच ही चूक महिनोन्महिने लपून राहते. एकच बाजू उलटी असेल तर डाव्या दारातल्या स्पीकरचा पडदा बाहेर येतो त्याच क्षणी उजवीकडचा आत जातो. 100 हर्ट्झच्या लाटेची लांबी साधारण 3.4 मीटर, आणि दोन दारांतलं अंतर तिच्या निम्म्याच्याही आत. त्यामुळे खालचे सूर एकमेकांना मारतात आणि बास गायब होतो. मग माणूस बास वाढवत नेतो, आवाज फाटतो आणि खापर स्पीकरवर फुटतं.

बाहेरून घेतलेल्या स्टिरिओच्या वायरींचे रंग बहुतेक ठरलेले असतात. पुढचा डावा पांढरा, पुढचा उजवा राखाडी, मागचा डावा हिरवा, मागचा उजवा जांभळा. साधा रंग प्लस, काळी रेघ असलेला मायनस. पण हे कपलरपर्यंतच, म्हणजे स्टिरिओमागच्या वायरींच्या जोडापर्यंत. त्यापुढे दारात जाणाऱ्या वायरीला गाडीच्या कंपनीचे स्वतःचे रंग असतात, तिथे अंदाज चालत नाही. या गाडीत मागच्या डाव्या दारात ट्रिमखाली (दाराच्या आतल्या आवरणाखाली) जुना जोड होता आणि तिथेच दोन्ही वायरी अदलाबदल झालेल्या निघाल्या. रंग बघून जोडलं असतं तर एक स्पीकर उलटा बसला असता. मल्टिमीटर बझरवर (वायर सलग असेल तर बीप देतो) ठेवून कपलरच्या पिनपासून दारातल्या टोकापर्यंत प्रत्येक वायर वाजवून बघायला चार दारांना अर्धा तास लागतो. तो अर्धा तास द्यायचाच.

स्पीकरच्या बाजूला ओळख सोपी आहे. वायर लावायच्या दोन धातूच्या पत्त्यांपैकी (टोकांपैकी) रुंद ती बहुतेक वेळा प्लस. या सेटमध्ये रुंद 4.8 मिमी आणि अरुंद 2.8 मिमी आहे. डब्यात आलेली वायर मात्र दोन्हीकडून काळी. उजेडात तिरकी धरली तर एका अंगाला बारीक उभी धार दिसते, नखाने लगेच लागते. धारेची बाजू कुठे जोडायची ते एकदा ठरवायचं आणि चारही दारांना तेच पाळायचं.

सगळं जोडून झाल्यावर, ट्रिम बंद करण्याआधी, पेन्सिल सेलची परीक्षा. आधी स्टिरिओचा कपलर काढायचा, नाहीतर सेलचा करंट आतल्या आयसीत (आवाज वाढवणाऱ्या चिपमध्ये) शिरतो. कपलरच्या टोकाशी एका दाराच्या दोन वायरींना 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर टेकवायचा आणि उचलायचा. पडदा बाहेर आला तर सेलच्या प्लसला लागलेली वायर प्लस. आत गेला तर उलट. हालचाल मिलिमीटरभर असते, म्हणून टॉर्च तिरका मारायचा किंवा पडद्यावर बोट अलगद ठेवायचं. 9 व्होल्टची बॅटरी वापरू नये, पडद्याला उगाच झटका बसतो. ट्विटरला (उंच सुरांच्या छोट्या स्पीकरला) कपॅसिटर असतो, तो सेलचा करंट अडवतो, म्हणून त्यात फक्त टिक ऐकू येतं. वेगळा ट्विटर असेल तर त्यावरची खूण पाहूनच जोडावा.

सेल नसेल तर सुट्या स्पीकरच्या पत्त्यांना मल्टिमीटर लावायचा, डीसी 200 मिलिव्होल्टवर. पडदा सगळीकडून सारखा दाबत आत न्यायचा. लाल प्रोब प्लसवर असेल तर दाबताना आकडा वजात जातो, सोडताना अधिकात.

चालू स्टिरिओच्या वायरीवर मीटर लावून मात्र काही कळत नाही. बॉडीच्या तुलनेत दोन्ही वायरींवर सारखेच, सुमारे 6 व्होल्ट दिसतात. म्हणूनच स्पीकरची मायनस कधीही बॉडीला जोडायची नाही. आयसी जातो.

शेवटची खात्री कानाने. बॅलन्स (डावं-उजवं) मधोमध, फेडर (पुढचं-मागचं) पूर्ण पुढे, आकाशवाणी जळगाव लावून बातम्या ऐकायच्या. निवेदकाचा आवाज डॅशबोर्डच्या मध्यावरून आला पाहिजे. तो पसरट, कुठून येतोय ते न कळणारा वाटला तर एक बाजू उलटी आहे. मग मागची जोडी, आणि शेवटी चारही एकत्र.

आता बिघाडांबद्दल. मागच्या दोन जोडांवर साधी इन्सुलेशन टेप मारली होती. मे महिन्यात पारा 44-45 वर गेला, उन्हात उभ्या गाडीच्या दारात त्याहून जास्त. टेपचा गोंद पातळ होऊन ती सरकली, उघडी तार पत्र्याला टेकली आणि आवाज मधेच बंद पडू लागला. स्टिरिओचं प्रोटेक्शन काम करत होतं म्हणून निभावलं. जोड पुन्हा सोल्डर करून हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवल्यापासून तक्रार नाही.

पावसात दुसरा धडा. काचेच्या रबरातून पाणी दारात उतरतंच आणि खालच्या भोकांतून बाहेर जातं. धुळ्याकडच्या रस्त्यांवरची काळी माती त्या भोकांत बसली, पाणी साचलं आणि एका दारात स्पीकरखालची एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) रिंग खालून फुगली. तिथे प्लास्टिकची रिंग घातली, भोकं तारेने मोकळी केली. उरलेल्या तीन दारांतल्या रिंगा अजून कोरड्या आहेत, पण दिवाळीआधी त्याही बदलणार. ट्रिम काढताना दोन-तीन क्लिपा हमखास तुटतात, जादाच्या सहा आधीच आणून ठेवाव्यात.