गुळगुळीत की टेक्स्चर्ड? पुनर्रचनेसाठी इम्प्लांट निवडताना

कॅन्सरमुळे काढलेल्या स्तनाच्या पुनर्रचनेसाठी प्लास्टिक सर्जन टेबलावर दोन इम्प्लांट ठेवून ‘घरी बोलून सांगा’ म्हणाले, की बडोद्यात दांडिया बाजार असो नाहीतर रावपुरा, घरात चर्चा होते ती आकाराची आणि पैशांची. इम्प्लांटचा पृष्ठभाग गुळगुळीत असावा की टेक्स्चर्ड, म्हणजे खडबडीत, हा विषय फारसा निघत नाही. तो निघायला हवा. मात्र माहितीपत्रकं त्याला देतात तेवढं वजन माझ्या मते त्याला नाही.

शरीरात परकी वस्तू गेली की शरीर तिच्याभोवती व्रणासारख्या ऊतीचं वेष्टन तयार करतं. तीच कॅप्सूल. ती प्रत्येकीला होते आणि बहुतेकींना जाणवतही नाही. ती जाड होऊन इम्प्लांटला आवळू लागली, की डॉक्टर त्याला कॅप्सुलर कॉन्ट्रॅक्चर म्हणतात. बेकर यांच्या श्रेणीत पहिल्या पायरीवर स्तन मऊ असतो, तिसरीत कडक आणि बेढब दिसतो, चौथीत दुखतोही.

गुळगुळीत इम्प्लांटभोवती कोलॅजनचे तंतू चटईच्या काड्यांसारखे एका दिशेने लागतात, त्यामुळे आकुंचन पावताना सगळे मिळून आवळतात. टेक्स्चर्ड पृष्ठभागावर ही रांग मोडते, ऊती खाचांमध्ये शिरतात आणि इम्प्लांट सहसा हलत नाही. तर्क पटण्यासारखा आहे आणि कॉन्ट्रॅक्चरचं प्रमाण टेक्स्चर्डमध्ये कमी असल्याचं अभ्यासांत दिसलंही आहे. पण हा फायदा ठळक दिसतो तो मुख्यतः आकार वाढवण्याच्या शस्त्रक्रियेत, इम्प्लांट ग्रंथीखाली ठेवलेलं असताना. स्नायूखाली ठेवलं की फरक बराच आटतो. शिवाय खाचाखोचांमुळे पृष्ठभागाचं क्षेत्रफळ वाढतं, म्हणजे जंतूंना चिकटायला जागाही वाढते. इम्प्लांटवर बसलेला जंतूंचा पातळ थर हे कॉन्ट्रॅक्चरचं एक प्रमुख कारण मानलं जातं.

पुनर्रचनेत तर ग्रंथी काढलेली असते, त्वचा पातळ झालेली असते आणि पुष्कळ जणींना रेडिएशनचे शेकही घ्यावे लागतात. रेडिएशनने कॉन्ट्रॅक्चरचा धोका एवढा वाढतो, की त्यापुढे पृष्ठभागाचा फरक किरकोळ ठरतो. म्हणून शेक लागणार आहेत का, हे ऑन्कॉलॉजिस्टकडून आधी पक्कं करून घ्या. लागणार असतील, तर पोटाची किंवा पाठीची स्वतःची ऊती वापरून पुनर्रचना होईल का, हेही विचारा. ती शस्त्रक्रिया मोठी, बरं व्हायलाही वेळ लागतो. सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडणारा अनुभवी सर्जन लागतो, त्यासाठी अहमदाबाद किंवा मुंबईला जावं लागलं तरी चौकशी करावी. निव्वळ स्वतःच्या ऊतीने केलं, तर इम्प्लांटच नसल्याने कॅप्सूलचा प्रश्नच उरत नाही.

टेक्स्चर्डची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. बीआयए-एएलसीएल हा लिम्फोमा, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतल्या पेशींचा कॅन्सर, इम्प्लांटभोवतीच्या द्रवात आणि कॅप्सूलमध्ये होतो. तो दुर्मीळ आहे, पण त्याचा संबंध मुख्यतः टेक्स्चर्डशीच दिसतो. जुलै 2019 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेकडे जगभरातल्या 573 केसेसची नोंद होती आणि त्यांतल्या 481 अ‍ॅलर्गन कंपनीच्या इम्प्लांटच्या होत्या. त्यानंतर कंपनीने आपल्या बायोसेल या टेक्स्चरची इम्प्लांट आणि एक्स्पांडर (आधी त्वचा ताणायला बसवतात ते तात्पुरते फुगे) जगभरातून परत मागवले. फ्रान्सने त्याच वर्षी एप्रिलमध्येच मॅक्रोटेक्स्चर्ड, म्हणजे जास्त खडबडीत, आणि पॉलियुरेथेनच्या आवरणाच्या इम्प्लांटवर बंदी घातली होती. ज्यांच्या शरीरात बायोसेल आधीपासून आहे आणि काही लक्षण नाही, त्यांनी ते काढून टाकावं असा एफडीएचा सल्ला नाही. मात्र काही वर्षांनी एका बाजूला अचानक सूज आली, पाणी साठलं किंवा गाठ लागली तर डॉक्टरकडे जायला थांबू नका.

सगळं टेक्स्चर्ड सारखं नसतं. 2018 च्या आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार सरासरी खडबडीतपणा 10 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कमी असेल तर ते गुळगुळीत, 10 ते 50 मायक्रॉन असेल तर मायक्रोटेक्स्चर्ड, त्यावर मॅक्रोटेक्स्चर्ड. ‘नॅनो’ म्हणून विकली जाणारी, चारेक मायक्रॉनची इम्प्लांट या हिशेबाने गुळगुळीतच. साधारण 4 मायक्रॉनच्या पृष्ठभागाला प्राण्यांच्या शरीराने सौम्य प्रतिसाद दिल्याचं संशोधन 2021 मध्ये प्रसिद्ध झालं. आशादायक आहे, पण त्यावरून आज जास्त पैसे मोजायला मी कोणाला सांगणार नाही.

टेक्स्चर्ड घेण्याचं एक खरं कारण म्हणजे थेंबाच्या आकाराचं इम्प्लांट. ते फिरलं तर स्तनाचा आकार बिघडतो, म्हणून त्याला पकड लागते. गोल इम्प्लांट फिरलं तरी कळत नाही.

माझा कल सांगायचा तर गोल आणि गुळगुळीत. थेंबाच्या आकाराचा आग्रह सर्जनचा असेल, तर तो का, हे विचारा आणि मॅक्रोटेक्स्चर नको असं स्पष्ट सांगा. मालिशबद्दल घरोघरी सल्ले मिळतील, पण त्याने कॉन्ट्रॅक्चर टळतं याचा भक्कम पुरावा नाही. टेक्स्चर्डला तर मालिश सहसा करू नका असंच सांगतात.

शस्त्रक्रियेनंतर कंपनी, मॉडेल, पृष्ठभाग आणि सीरियल नंबर लिहिलेलं इम्प्लांट कार्ड मागून घ्या आणि त्याचा फोटो नवऱ्याच्या किंवा मुलीच्या फोनमध्येही ठेवा. सिलिकॉन असेल तर पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय पाच-सहा वर्षांनी आणि मग दर दोन-तीन वर्षांनी, असा एफडीएचा सल्ला आहे. तो खर्च आजच्या हिशेबात धरा.