लीड्सची खोली आणि मराठी बोलणारी ताई

सप्टेंबर २०२३ मध्ये मी एमएस्सीसाठी कराडहून लीड्सला आले. विमानात बसण्याआधीच माझे १,३५७ पौंड बुडाले होते, तेव्हाच्या दरानं साधारण १ लाख ४२ हजार रुपये. मला ते कळलं लीड्सला पोचल्यावर. यंदा जाणाऱ्या मुलामुलींनी, आणि त्यांच्यापेक्षाही त्यांच्या आईवडिलांनी, हे वाचावं म्हणून सगळं लिहिते आहे.

जुलैभर आमचं अख्खं घर व्हिसाच्या मागे होतं. क्षयरोगाची तपासणी, बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र, विद्यापीठाकडून येणारं कॅस, म्हणजे प्रवेश पक्का असल्याचा दाखला. लंडनबाहेर शिकणाऱ्याला तेव्हा महिना १,०२३ पौंड या हिशेबानं नऊ महिन्यांचे ९,२०७ पौंड दाखवावे लागत. अण्णांनी कर्जासाठी घर तारण ठेवलं होतं. या धावपळीत राहायच्या जागेचं मागेच पडलं. विद्यापीठाच्या वसतिगृहाची मुदत हुकली आणि खासगी वसतिगृहांचे आकडे आठवड्याला १७० पौंडांच्या पुढे. तिकडे विद्यार्थ्यांच्या खोलीचं भाडं बहुतेक आठवड्यावर सांगतात. आम्ही ते चारनं गुणत होतो आणि तरीही घाबरत होतो.

सप्टेंबरला जाणाऱ्या मुलांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. त्यावर मी लिहिलं, 'लीड्समध्ये मुलीसाठी खोली हवी आहे, ११५ पौंडांपर्यंत.' दहा मिनिटांत मला स्वतंत्र मेसेज आला. 'कराडची का गं तू? मी साताऱ्याची.' ग्रुपमध्ये ओळख करून देताना गावाचं नाव मीच लिहिलं होतं, हे त्या वेळी आठवलंसुद्धा नाही. इतक्या लांब आपल्याकडचं कुणीतरी भेटलं, याचाच आनंद झाला.

ती सहा वर्षं लीड्समध्ये आहे म्हणाली. नवरा हॉस्पिटलमध्ये नोकरीला, हाइड पार्क भागात स्वतःचं घर, त्यातली एक खोली मुलींना देतात. मी 'तुम्ही, तुम्ही' करत होते, तर म्हणाली, 'अगं, तुम्ही काय म्हणतेस, ताई म्हण. तूच म्हण.' मग रोज बोलणं व्हायला लागलं. कांदा-लसूण मसाला भरपूर आण, हळद-मीठ इथं मिळतं. जाड जॅकेट तिकडून आणू नकोस, बॅगेचं वजन वाया जातं. प्रेशर कुकर मात्र आण. यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. नव्या मुली विचारतात तेव्हा मी आजही त्यांना हेच सांगते. ती आईशीही फोनवर बोलली. आईनं विचारलं, 'तुमच्यासाठी काय पाठवू?' ती म्हणाली, 'शेंगदाण्याची चटणी, काकू. इथं तशी होत नाही.' आईनं तिच्यासाठी अर्ध्या किलोचा वेगळा डबा भरला.

खोलीचे फोटो आले, घरातून फिरत काढलेला एक व्हिडिओ आला, एलएस ६ पिनकोडचा पूर्ण पत्ता आला. मी पत्ता नकाशावर टाकला. लाल विटांचं, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या ओळीतलं ते घर खरोखर होतं. माझं समाधान झालं. घर खरं असणं आणि ते तिचं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा विचार आला नाही. व्हिडिओ कॉलवर खोली दाखव असं मी दोनदा म्हणाले. एकदा वायफायवाला येणार होता, एकदा ती ड्युटीवर होती. तिसऱ्यांदा म्हणायची मला लाज वाटली. आपल्या माणसावर किती संशय घ्यायचा?

आधी खोली धरून ठेवायला २२० पौंड. आठवड्यानं भाडेकराराची पीडीएफ आली, सही करून पाठवली, आणि मग सहा आठवड्यांचं डिपॉझिट ६६० व पहिल्या महिन्याचं भाडं ४७७. 'अजून दोघी विचारतायत, पण तू आपली म्हणून थांबलेय,' असंही आलं.

दुसऱ्यांदा पैसे पाठवायला मी आणि अण्णा बँकेत गेलो तो दिवस मला लख्ख आठवतो. काउंटरवरच्या बाईंनी परदेशी पैसे पाठवायचा ए-२ फॉर्म पाहिला, मग करार पाहिला, मग पुन्हा फॉर्म. म्हणाल्या, 'करारावर घरमालक म्हणून एक नाव आहे, खातं दुसऱ्याच नावावर आहे. हे कोण?' अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी चटकन सांगितलं, 'ते त्यांचे भाडं गोळा करणारे एजंट आहेत, मॅडम. तिकडे असंच असतं.' ताईनं मला तसंच सांगितलं होतं. त्या बाई अजून एकदा म्हणाल्या, 'बघा हं, गेलेले पैसे मागे आणणं अवघड असतं.' अण्णांनी सही केली. सावध करणारं माणूस समोर बसलेलं होतं आणि त्या माणसाला गप्प करायचं काम चोराच्या वतीनं मी केलं. तुमच्या तोंडून असं उत्तर निघालं, की 'तिकडे असंच असतं', तर तिथेच थांबा आणि हे आपल्याला कुणी सांगितलं ते आठवा.

१६ सप्टेंबरला, शनिवारी, दोहामार्गे मँचेस्टर, तिथून रेल्वेनं लीड्स. स्टेशनवरून टॅक्सी. पाऊस भुरभुरत होता. ताईचा फोन लागत नव्हता. आदल्या रात्रीपर्यंत ती 'नीट ये गं' म्हणत होती. दार एका मुलानं उघडलं. मी माझं नाव सांगितलं, खोली सांगितली, मोबाइलवरचा करार दाखवला. त्यानं करार बघायच्या आधीच मागे वळून कुणाला तरी हाक मारली आणि मला म्हणाला, 'तुम्ही तिसऱ्या.'

ते पाच विद्यार्थी १ जुलैपासून तिथे राहत होते. लीड्समध्ये विद्यार्थ्यांच्या घरांचे करार बहुतेक १ जुलैलाच सुरू होतात, हे मला त्यांच्याकडून कळलं. व्हिडिओ होता त्याच घराचा, पण त्यांच्या आधीच्या वर्षीच्या जाहिरातीतला. त्यांनी मला चहा करून दिला, बॅगा ठेवून घेतल्या, माझा नंबर लिहून घेतला. मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून घरी मेसेज केला: 'पोचले. खोली छान आहे.'

हा मेसेज मला पैशापेक्षा जास्त टोचतो.

दोन रात्री मी हॉटेलात काढल्या, रात्रीचे ६८ पौंड देऊन. सोमवारी विद्यापीठाच्या मदतकक्षात गेले आणि सांगितलं की ठरलेली खोली रद्द झाली. फसवलं गेल्याचं तिथेही सांगितलं नाही. पोलिसांत नाही, बँकेत नाही, ग्रुपमध्ये तर नाहीच. ग्रुपमधून मी गुपचूप बाहेर पडले होते. शिकलेली मुलगी, घर गहाण टाकून पाठवलेली, आणि हिला एवढं कळलं नाही, असं लोक म्हणतील याची भीती होती. वर्गातल्या एका तेलुगू मैत्रिणीनं तिच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून दिली. चटणीचा डबा बॅगेत तसाच होता.

त्या दिवसांत रात्री मी तो करार पुन्हा वाचला, यावेळी इंग्लंडचे नियम शेजारी ठेवून. हे मी कराडमध्ये अर्ध्या तासात करू शकले असते. १ जून २०१९ पासून इंग्लंडमध्ये कायदा आहे: खोली धरून ठेवायची रक्कम एका आठवड्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, डिपॉझिट पाच आठवड्यांहून जास्त घेता येत नाही. वर्षाचं भाडं ५० हजार पौंड किंवा त्याहून जास्त असेल तरच सहा, आणि एवढं भाडं आपल्यातलं कोण देतंय? आठवड्याला ११० पौंडांच्या खोलीला तिनं २२० आणि ६६० घेतले होते. दोन्ही आकडे बेकायदा, दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर. निघण्याच्या दोन दिवस आधी तिनं 'जामीनदाराची फी' म्हणून ३०० पौंड मागितले होते आणि मी आल्यावर देते म्हणाले होते. भाडेकरूकडून अशी फी घेणंच त्या कायद्यानं बंद केलेलं आहे. शिवाय बहुतेक भाडेकरारांत घरमालकाला डिपॉझिट नोंद न करता स्वतःकडे ठेवता येत नाही. सरकारमान्य तीन योजना आहेत, त्यांतल्या एकीत ३० दिवसांत नोंदवून भाडेकरूला तसं कळवावं लागतं. माझ्या बारा पानी करारात योजनेचं नाव कुठेच नव्हतं.

घर कुणाच्या नावावर आहे हेही कुणालाही बघता येतं. सरकारच्या लँड रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर पत्ता टाकायचा, आता ७ पौंड पडतात, मालकाचं नाव मिळतं. आपल्या सातबाऱ्यासारखंच समजा. आमच्याकडे गुंठाभर जमीन घेताना अण्णा चार वेळा सातबारा काढतात, आणि इथे दीड लाख देताना तसं काही असेल अशी शंकाही आली नाही. पाच किंवा जास्त परकी माणसं एकत्र राहतात अशा घराला नगरपालिकेचा परवाना लागतो, त्याची यादीही बघता येते.

पैसे मागे का येत नाहीत तेही सांगते. इथल्या खात्यातून पैसे पाठवताना बँक आधी सांगते की तुम्ही लिहिलेलं नाव खात्याशी जुळतं की नाही. भारतातून स्विफ्टनं (बँकांची परदेशी पैसे पाठवायची व्यवस्था) पाठवताना मला तसं काही दिसलं नाही. ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमध्ये फसवून पाठवायला लावलेले पैसे बऱ्याच प्रकरणांत बँकांना परत करावे लागतात, पण ते देशातल्या देशातल्या व्यवहारांना; परदेशातून आलेल्या रकमेला ते लागू नाही. म्हणून शक्यतो येण्याआधी मोठी रक्कम कुणालाच देऊ नका. पहिले दहा दिवस विद्यापीठाच्या तात्पुरत्या खोलीत किंवा साध्या हॉस्टेलात काढा आणि खोली स्वतः पायानं जाऊन बघा. लीड्समध्ये युनिपोल नावाची विद्यार्थ्यांच्या घरांसाठीची धर्मादाय संस्था आहे, तिच्या यादीतून मला ऑक्टोबरमध्ये बर्ली भागात खरी खोली मिळाली. येण्याआधीच खोली घ्यावी लागली, तर त्या गावातल्या कुणाला तरी घरात पाठवा. तेही जमलं नाही तर चालू व्हिडिओ कॉलवर नळ सोडायला सांगा, खिडकी उघडून रस्ता दाखवायला सांगा. खऱ्या घरमालकाला राग येत नाही.

२४ तारखेला, रविवारी दुपारी, त्या घरातल्या मुलाचा फोन आला. 'आणखी एक जण आलाय. तुमच्याच भाषेत बोलतोय बहुतेक.' मी चालत गेले. नांदेडकडचा मुलगा, दोन बॅगा, हातात कुकरची पिशवी, त्याच स्वयंपाकघरात त्याच खुर्चीवर बसलेला. त्याला ती बाई 'भाऊ' म्हणायची. त्यानं पैसे कधी पाठवले ते मी विचारलं. २० तारखेला. म्हणजे मी त्या दारात उभी राहिले त्यानंतर चार दिवसांनी.

तो माझ्याकडे बघत म्हणाला, 'ताई, मग तुम्हाला आधीच माहीत होतं?'

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

त्या संध्याकाळी मी अण्णांना फोन केला आणि सगळं सांगितलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, मग म्हणाले, 'जेवलीस का?' दुसऱ्या दिवशी मी आणि त्या नांदेडच्या मुलानं मिळून अ‍ॅक्शन फ्रॉड या तिथल्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या केंद्राकडे तक्रार नोंदवली, भारतात अण्णांनी १९३० या सायबर हेल्पलाइनवर केली, बँकेनं पैसे परत मागवायचा अर्ज पाठवला. उत्तर आलं की खातं रिकामं आहे. दोघांचंही काही परत मिळालं नाही.

त्याच रात्री एका मैत्रिणीकडून मी ग्रुपमध्ये पुन्हा शिरले आणि सगळं टाकलं: घराचे फोटो, करार, ज्या नावावर पैसे गेले ते नाव, तिचा नंबर. काही मिनिटांत तो नंबर ग्रुपमधून बाहेर पडला. मध्यरात्रीनंतर जानेवारीला येणाऱ्या एका मुलीचा मेसेज आला. तिला तेच फोटो आले होते, फक्त गाव मँचेस्टर होतं. तिचे वडील सकाळी अकरा वाजता बँकेत जाणार होते.